कोल्हापूर तळ: कॅरॅव्हॅन प्रकल्पाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

तळ लागला. कळंबा तलावाच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत, ओळखीतून मिळालेला मळा. मुरुमाची सपाट जागा, एका कडेला नारळाची रांग, विहिरीवरचा नळ, गोठ्याच्या भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि घराच्या संडासाचा चेंबर जवळ. जागा निवडताना एवढंच पाहिलं होतं. देखावा शेवटी पाहिला, आणि तोही चांगला निघाला. पलीकडे तोडणीला आलेला ऊस आहे.

प्रकल्प काय आहे ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. आई-बाबांना अजून फिरायचं आहे. बाबा ७७ वर्षांचे, गुडघा धरतो. आईला मधुमेह, त्यामुळे जेवण आणि औषधाच्या वेळा पाळाव्याच लागतात. रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरणं, संडास सापडेपर्यंत जीव मुठीत, अशा सहली त्यांना आता झेपत नाहीत. म्हणून कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची, शहराच्या कडेला एका जागी उभी करायची आणि तिथून दिवसाला फार तर एकच ठिकाण करायचं. या फेऱ्या आखताना जे कळेल ते नोंदवायचं, म्हणजे आमच्या वयस्कर नातेवाइकांना पुढे तयार आराखडा मिळेल. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण आपल्याला हव्या त्या गावी कॅरॅव्हॅन पार्क मिळेलच असं नाही. मळ्याची परवानगी घेऊन राहणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. रस्त्याच्या कडेला रात्र काढायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

गाडी ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. टपावरचा एसी आणि सोलर धरून उंची तीन मीटरला टेकते. नवऱ्याने आत येतानाच मळ्याच्या वाटेवरची वीजतार आणि आंब्याची फांदी काठीने मोजून घेतली. मग पाणसळ ठेवून, डाव्या मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवून गाडी समतल केली. हे काम जीव लावून करावं लागतं. गाडी कलती असली की बाबांना पलंगावरून उठताना त्रास होतो आणि मोरीतलं पाणी कोपऱ्यात साचतं.

मळ्याचे मालक आण्णा आणि त्यांच्या घरच्या मावशी संध्याकाळी दुधाची किटली घेऊन आले. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे हे कळल्यावर आण्णांनी त्यांना लगेच ‘गुरुजी’ करून टाकलं.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी काहीच नाही. पहिल्या दिवशी सकाळी ठिकाण ठेवायचं नाही, हा नियम पक्का करावा असं वाटतं. आईला स्वयंपाकाची जागा लावून घ्यायला तेवढा वेळ लागतोच.

संध्याकाळी रंकाळा. प्रत्येक फेरीला पहिला प्रश्न एकच: गाडी न्यायची की ठेवायची? रविवारी रंकाळ्याच्या चौपाटीवर एवढी लांब गाडी उभी करायला जागा मिळणार नाही, म्हणून ठेवली. आण्णांच्या ओळखीच्या रिक्षावाल्या दादांनी नेलं-आणलं. पाण्याच्या कडेने सपाट फरसबंद वाट आहे आणि बसायला कट्टे आहेत. गुडघेदुखी असलेल्यासाठी यापेक्षा सोयीची जागा शहरात नाही. समोर शालिनी पॅलेसचा मनोरा आणि पाण्यातला संध्यामठ. बाबा एका कट्ट्यावरून उठून दुसऱ्या कट्ट्यावर बसत असे पाऊण बाजू फिरले. भेळ तिखट होती. आईने दोन घास खाऊन पुडी माझ्याकडे दिली.

३ नोव्हेंबर, सोमवार

सोमवारी टाऊन हॉलचं संग्रहालय बंद असतं, म्हणून आज गुऱ्हाळ. आण्णांच्या चुलतभावाचं गुऱ्हाळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बाबांना मोटरसायकलवर बसवून नेलं, आम्ही बांधावरून गेलो.

वास आधी आला. चरकातून निघालेला रस गाळून काहिलीत पडतो आणि खाली चुलवाणात उसाचीच वाळवलेली चिपाडं जळत असतात. म्हणजे इंधनही उसाचंच. रस तापायला लागला की भेंडीचा चिकट रस घालतात. तो रसातली घाण धरून वर आणतो, आणि ती मळी झाऱ्याने सारखी काढत राहायची. गुळाचा रंग इथेच ठरतो. बाबांनी सरळ गुळव्यालाच विचारलं, उतरवायची वेळ कशी कळते? गुळव्याने थंड पाण्याच्या भांड्यात पाकाचा थेंब सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि भांड्याच्या काठावर आपटून आवाज ऐकवला. टणक वाजली की झालं. बाबा म्हणाले, ११८ अंशांच्या आसपास असणार. गुळव्या म्हणाला, “गुरुजी, आकडा तुमच्याजवळ ठेवा, आमचं बोट बघा.” दोघंही खूश.

मग सगळ्यांनी मिळून काहील कलती केली आणि पाक वाफ्यात ओतला. लाकडी फावड्याने घोटत घोटत तो घट्ट झाला की साच्यात भरतात. पाक पूर्ण घट्ट व्हायच्या आधी काढलेली काकवी मावशींनी बाटलीत भरून दिली. आईला खाता येत नाही, पण तिने वास घेतला आणि तिच्या माहेरच्या गुऱ्हाळाबद्दल इतकं बोलली की बाबांना कधीच न सांगितलेल्या गोष्टीही त्यात आल्या. आपण पर्यटनाच्या याद्या करतो तेव्हा देवळं, किल्ले, तलाव लिहितो. कोल्हापूरच्या यादीत गुऱ्हाळ पहिल्या पानावर असलं पाहिजे असं माझं मत आहे. या शहराचा व्यापार गुळावर उभा राहिला. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या बाजारपेठेसाठीच. गुऱ्हाळावर म्हाताऱ्या माणसाला बाजेवर बसून सगळं दिसतं, चढउतार नाही, तिकीट नाही आणि कोणी घाई करत नाही.

नोंद: गुऱ्हाळावर जाताना विचारून जावं, काम चालू असताना काहिलीच्या जवळ उभं राहू नये, पायात बंद चप्पल किंवा बूट हवेत. निघताना गूळ तिथूनच घ्यावा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पन्हाळा. गाडी ठेवली. घाट रुंद आहे, कॅरॅव्हॅन चढली असती, पण गडावरचे रस्ते गावातून जातात आणि वळणावर समोरून बस आली तर मागे घ्यायला जागा नसते. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी. बाबांना पंच्याहत्तरीच्या पुढचे म्हणून तिकीट नाही, आई आणि मी महिला म्हणून निम्म्यात. चौघांत पूर्ण तिकीट फक्त नवऱ्याचं. आईला त्याचीच गंमत.

सुमारे वीस किलोमीटरचं अंतर. मंगळवार असल्याने गर्दी नव्हती. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात पन्हाळा आहे. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी असते असं कंडक्टर म्हणाले. म्हणून आराखड्यात ‘पन्हाळा मंगळवार ते गुरुवार’ असं लिहिलं.

तटबंदीचा घेर सात किलोमीटरच्या पुढे. सगळं पाहायचं ठरवलं तर बाबांचा दुसरा दिवस अंथरुणात गेला असता. दोनच जागा निवडल्या: अंबरखाना आणि तीन दरवाजा. मधलं अंतर रिक्षाने.

अंबरखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी धान्याची कोठारं. गंगेत शिरलं की डोळ्यांना काही क्षण काहीच दिसत नाही, मग कमानीमागून कमान उलगडते. वर छताला भोकं आहेत. धान्य वरून ओतायचे. बाहेरच्या बाजूने छतावर जायला जिने आहेत. ते बाबा चढले नाहीत, नवरा चढला आणि वरून भोकातून हाक मारली. १६६० मध्ये सिद्दी जौहरने मार्चपासून जुलैपर्यंत गडाला वेढा घातला होता. शाळेत आपण वेढा, पावसाळी रात्र, शिवा काशीद, बाजीप्रभू हे वाचतो. पण एवढे महिने गडावर माणसं जगली कशी याचं उत्तर या थंड, जाड भिंतींत आहे. बाबा भिंतीला हात लावून उभे होते. ते म्हणाले, “पोरांना आधी हे कोठार दाखवायला हवं, मग पावनखिंड.” वर्गात चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाचं हे म्हणणं मी आराखड्यात जसंच्या तसं घेतलं: आधी अंबरखाना.

तीन दरवाज्याजवळ अंधारबाव. जिने उंच आहेत, आई-बाबा वरच थांबले. मी उतरून आले. विहिरीवर मजले आणि तटाबाहेर पडायची चोरवाट. पाणीही राखायचं आणि सुटकेची वाटही, दोन्ही कामं एकाच बांधकामात.

जेवण तिथेच, झुणका-भाकर विकणाऱ्या ताईंकडे. गरम भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. आईच्या गोळीची वेळ बरोबर साधली. सज्जाकोठी राहिली, पुसाटी बुरूज राहिला. त्याचं काही वाटलं नाही. दुपारी अडीचच्या एसटीने परत आणि चार वाजता सगळे नारळाच्या सावलीत झोपलेले.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा. पहाटे चारला उठलो. पंचगंगा घाटावर हजारो पणत्या लावतात, ते अंधारातच पाहायला हवं. रिक्षा आदल्या दिवशी ठरवून ठेवली होती.

घाटाच्या दगडी पायऱ्यांवर, दीपमाळांवर, नदीतल्या देवळांच्या कठड्यांवर, जिथे हात पोहोचेल तिथे पणती. लहान मुलं वाऱ्याने विझलेल्या पणत्या पुन्हा पेटवत पळत होती. एका मुलीने आईच्या हातात काडेपेटी दिली आणि म्हणाली, “आज्जी, ही रांग तुमची.” आई ती रांग संपेपर्यंत वाकून होती, मी थांबवलं नाही.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचांची पंचगंगा. हीच नदी पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. परवा तिकडेच जायचं आहे, म्हणजे आज घाटावर पाहिलेल्या नदीचा शेवट पाहायला मिळेल. या नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न जुना आहे. सांडपाणी आणि जलपर्णी इथल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. पहाटे तिच्या काठी पणत्या लावणाऱ्या हातांचाच तिच्या पाण्यावर पहिला हक्क आहे, आणि ते पाणी त्यांना स्वच्छ मिळायला हवं. हे प्रवासाच्या नोंदीत कशाला, असं कोणी म्हणेल. पण आम्ही इथलंच पाणी टाकीत भरून घेतो.

उजाडताच परत. काहींनी सुचवलं होतं की आजच रात्री खिद्रापूरही करा, कारण त्रिपुरारीला मध्यरात्री चंद्र तिथल्या देवळाच्या स्वर्गमंडपाच्या छतातल्या गोल मोकळिकीवर येतो. मोह झाला. पण पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत जागरण हे आई-बाबांचं काम नाही. एका दिवशी एकच, त्यात बदल नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

विश्रांतीचा दिवस. धुणी, केस, फोनवरच्या गप्पा. यंत्रणेचा हिशेब लिहिते.

पाण्याची टाकी १२० लिटरची. आंघोळ विहिरीच्या नळावर बादलीने होते, त्यामुळे टाकीवर भांडी, हात-तोंड आणि रात्रीचा वापर एवढाच भार, आणि टाकी दोन दिवस पुरते. बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासाची लिथियम, म्हणजे जेमतेम अडीच युनिट. फ्रिज, दोन पंखे, दिवे आणि फोन यांना रात्रभर पुरून उरते. मिक्सर मात्र गोठ्याच्या सॉकेटवरच. इन्सुलिनसाठी फ्रिज बंद पडून चालत नाही, म्हणून सकाळी आणि रात्री झोपताना बॅटरीचा आकडा पाहायचा आणि वहीत लिहायचा. कॅसेट टॉयलेट, म्हणजे संडासाची काढता येणारी टाकी, दर दोन दिवसांनी सकाळी लवकर रिकामी करायची, चेंबरमध्येच, शेतात नाही. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसासाठी पलंगापासून चार पावलांवर स्वतःचा संडास असणं काय असतं ते बाबा सांगतात, आणि तेवढ्यासाठी भाड्याचे सगळे पैसे वसूल झाले असं मला वाटतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाडी आणि खिद्रापूर, दोन्ही मिळून एकच फेरी धरली. आज गाडी नेली. अंतर जास्त, दिवस मोठा, आणि खिद्रापुरात दुपारी आईला आडवं व्हायला जागा हवी. हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळ असे गेलो. गावांच्या स्वागत कमानी आणि रस्त्यावरून ओढलेल्या केबल यांवर नवऱ्याची नजर आणि माझीही. जिथे शंका आली तिथे मी उतरून काठी धरली. सकाळी साडेसहाला निघालो आणि अंधार पडायच्या आत परतायचं ठरवलं. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, आणि सगळ्यांना मागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही. ऊसपट्ट्यात कॅरॅव्हॅन घेऊन येणाऱ्याने हे पाळावंच.

नरसोबाची वाडी: घाटाच्या वरच्या बाजूला बाबांना बसायला चांगली जागा मिळाली. तिथून पंचगंगा कृष्णेत मिसळते ते समोर दिसतं. आई आणि मी पादुकांच्या दर्शनाला खाली गेलो. पुराच्या दिवसांत पाणी उत्तरेच्या दाराने आत शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पूर म्हणजे दर्शन बंद, असं न मानता त्यालाच सोहळा मानणारी ही वाडी. आईने नदीकाठची वांगी घेतली, मी कवठाची बर्फी.

साडेअकराला खिद्रापूर. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, १२व्या शतकातलं, कृष्णेच्या काठी, कर्नाटकाच्या अगदी सीमेवर. समोर नंदी नाही. तो नदीपलीकडच्या यडूरला आहे असं सांगतात. गाभाऱ्यात कोपलेला शंकर म्हणजे कोपेश्वर आणि त्याची समजूत घालणारा विष्णू म्हणून धोपेश्वर, असे दोघे. पायाशी हत्तींची रांग, भिंतीवर शिल्पं. बरीच भग्न आहेत, तरी नजर हलत नाही.

पण आम्ही थांबलो ते स्वर्गमंडपात. एकूण ४८ खांब, आणि मधोमध १२ खांबांच्या कड्यावर छताला गोल मोकळीक, सुमारे १३ फूट व्यासाची. तिच्या बरोबर खाली फरशीत गोल शिळा. आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हाचा तुकडा शिळेच्या वायव्येला होता. बाबा खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, “तो बघत बसू.” बसलो. ऊन फरशीच्या सांध्यांवरून पूर्वेकडे सरकत राहिलं. सव्वाबाराच्या सुमारास ते बरोबर उत्तरेला आलं, वरचा भाग खांबाच्या बुंध्यावर चढलेला, तिथली नक्षी एकदम उठून आलेली. मग ईशान्येला.

बाबांनी वही काढली आणि मला शाळेतल्यासारखं शिकवलं. आज सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १६ अंशांवर आहे, आपण उत्तरेला १६.७ अंशांवर. म्हणून दुपारी तो इथे क्षितिजापासून ५७ अंशांपर्यंतच चढतो आणि ऊन शिळा सोडून उत्तरेला पडतं. शिळेवर मधोमध पडायला सूर्य डोक्यावर यायला हवा, तसं इथे ६ मेच्या सुमारास होतं. आता पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकात सूर्य १६ अंश दक्षिणेला, म्हणजे चंद्र जवळपास तितकाच उत्तरेला, मेमधल्या सूर्याच्या जागी. मध्यरात्री तो इथे माथ्यावर येणारच, पाच अंश इकडेतिकडे. “म्हणून त्रिपुरारी,” बाबा म्हणाले, “माघातली सोडली तर दुसरी कुठलीही पौर्णिमा घेतली तरी नेम इतका नीट बसणार नाही. वैशाख-ज्येष्ठातला चंद्र खाली दक्षिणेकडून जातो, मार्गशीर्षातला माथ्याच्या उत्तरेला.”

बांधणाऱ्यांनी हे मनात धरूनच वर्तुळ ठेवलं का, याचा पुरावा माझ्याकडे नाही आणि बाबांनीही तसा दावा केला नाही. पण काठावरच्या लोकांनी वर्षभरातून हीच रात्र निवडली ती आभाळ पाहून निवडली असावी, असं मला वाटलं. परवा रात्री घाईने येऊन गर्दीत मान वर केली असती तर चंद्र दिसला असता. आज दीड तास बसल्यामुळे तो तिथे का येतो ते कळलं.

आई तोपर्यंत कडुनिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीत वांग्याचं भरीत करून, जेवून, झोपली होती. तिची गोळी एक वाजता, घरच्यासारखी. आम्ही तिच्या झोपेएवढा वेळ अजून मंडपात काढला. बाकीचे लोक येत होते, चारदोन फोटो घेऊन अर्ध्या तासात निघत होते, कारण त्यांना पुढे अजून कुठे कुठे पोहोचायचं होतं.

साडेतीनला निघालो, साडेपाचला तळावर. पाणसळ पुन्हा लावली.

८ नोव्हेंबर, शनिवार

टाऊन हॉल संग्रहालय, रिक्षाने. एकाच मजल्यावर फिरता येतं, बाहेर बागेत सावली. बाबांना ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहायची होती. रोमन जगातला समुद्रदेव पंचगंगेच्या काठी निघाला, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथला व्यापार किती लांबवर जात होता ते कळतं. टेकडीचं उत्खनन १९४५-४६ मध्ये झालं. तासाभरात पाहून झालं. आई आली नाही, ती मावशींबरोबर शेंगा निवडत बसली आणि तिचा दिवस आमच्यापेक्षा चांगला गेला असं म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा ओलांडून मूर्तीकडे जातात. परंपरेने पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर.

दर्शन आम्ही सकाळी लवकर करून घेतलं होतं. संध्याकाळी आत जायचं नाही हे ठरवलं, गर्दीत बाबांना उभं राहणं शक्य नाही. पण बाबांना वेगळंच पाहायचं होतं. पावणेपाचला महाद्वार रस्त्याच्या कडेला एका दुकानदार दादांनी खुर्ची दिली. देवळाकडे पाठ करून बाबा मावळतीकडे तोंड करून बसले. किरण येतो ती वाट त्यांना पाहायची होती: कुठल्या दोन इमारतींच्या मधून, कुठल्या टाकीच्या कडेने. मोकळ्या क्षितिजावरून देवीपर्यंत येणाऱ्या उजेडाच्या आड आज मजले, फलक, तारा, धूर आणि धूळ येते. दरवर्षी या अडथळ्यांची चर्चा होते, ती किती खरी आहे ते इथे बसल्यावर कळतं. एकेक मजला चढताना त्या वाटेचा विचार व्हायला हवा होता. अजूनही व्हावा.

सूर्य खाली आला, रस्त्यावरची माणसं पिवळी झाली आणि वही पुन्हा निघाली. खिद्रापूरचं गणित इथेही लागत होतं. आज सूर्य १७ अंश दक्षिणेला. २१ डिसेंबरला तो अगदी दक्षिण टोकाला जातो आणि परत फिरतो. आजपासून त्या टोकापर्यंत सुमारे ४२ दिवस, आणि तिथून तितकेच पुढे मोजले की फेब्रुवारीची सुरुवात. जाताना आणि येताना सूर्य एकाच जागी मावळतो, म्हणून वर्षातून दोन किरणोत्सव. देऊळ पश्चिमाभिमुख, पण सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे १७-१८ अंश दक्षिणेला बुडतो, तेवढी तिरकी वाट. बाबांनी हाताच्या बोटांनी ती मोजून दाखवली. दुकानदार दादा गिऱ्हाईक सोडून ऐकत होते. ते म्हणाले, “आयुष्य गेलं इथं, पण तारखा दोन का, ते आज कळलं.”

एका शहराजवळ गाडी लावून राहिल्याने आम्हाला हे मिळालं. खिद्रापूरची दुपार आणि महाद्वाराची संध्याकाळ, एकच सूर्य दोन देवळांत दोन दिवसांच्या अंतराने पाहिला. रोज गाव बदललं असतं तर हा धागा हाती लागला नसता. आराखड्यात आता ‘ठिकाणं’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या तिथीला, कोणत्या वेळी’ हा रकाना वाढवला.

१० नोव्हेंबर, सोमवार

राधानगरी या वेळी गाळली. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण आणि पुढे दाजीपूरचं गव्यांचं अभयारण्य, दोन्हीला स्वतंत्र दिवस द्यायला हवा आणि बाबांचा गुडघा कालपासून सुजला आहे. मीठ-पाण्याचा शेक, पाय वर.

नवऱ्याने टाक्या रिकाम्या केल्या, सांडपाणी चेंबरमध्ये सोडलं, ठोकळे धुऊन वाळत टाकले. आण्णांनी जागेचे पैसे घेताना कुरकुर केली, शेवटी विजेचे आणि दुधाचे तरी घ्या म्हणून दिले. आईने मावशींना मसाल्याचा डबा दिला, त्यांनी चार किलो गूळ आणि शेंगा.

आराखड्यात पक्कं झालेलं: रंकाळा, पन्हाळा, घाट, संग्रहालय, महाद्वार यांना गाडी ठेवून. वाडी-खिद्रापूर गाडी घेऊन. जोतिबा, कणेरी मठ, राधानगरी पुढच्या वेळी तपासायचं. दर दोन फेऱ्यांनंतर एक दिवस मोकळा.

बाबांनी ३१ जानेवारीसाठी आण्णांकडे जागा मागून ठेवली. आण्णा म्हणाले, तेव्हा गोठ्याकडे उसाची बैलं बांधलेली असतील, विहिरीकडच्या अंगाला लावा. तिथे सॉकेट नाही. वीस मीटरची जाड केबल आणि एक जादा ठोकळा यादीत लिहिला.